रात्र जागवणारं च्युइंगम आणि जवानाच्या घरचं जागरण

मागच्या अंकात चहा-कॉफी आणि झोपेबद्दल लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पण त्यातले बरेचसे फौजी घरांमधले आहेत, म्हणून यावेळी फक्त तेच घेतेय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई नमस्कार. आमचे हे आर्मीत आहेत, सध्या लेहच्या पुढं पोस्टिंग आहे, रात्रीची संतरी ड्युटी असते. दिरांच्या मित्रानं अमेरिकेतून कॅफिनवालं च्युइंगम पाठवलंय, एका गोळीत १०० मिलिग्रॅम असं लिहिलंय. ते पार्सलमधून यांना पाठवू का? हार्टला काही होणार नाही ना? आणि माझं म्हणाल तर यांच्या फोनची वाट बघण्यात रात्रीचा एक वाजतो, पाचला पोराचा डबा, मग दिवस चहावरच निघतो, सात-आठ कप होतात. मला तिसरा महिना चालू आहे. — कोरेगाव तालुका, सातारा

ताई, तुम्ही यांचं आधी विचारलंत आणि स्वतःचं शेवटी एका ओळीत उरकलंत, पण मी उलट्या क्रमानं सांगणार आहे कारण जास्त काळजी मला तुमची वाटतेय.

एक कप चहात, म्हणजे दीडशे मिलीच्या कपात, साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. सात-आठ कप म्हणजे कमीत कमी दोनशेच्या वर आणि चहा कडक असेल तर चारशे-पाचशेपर्यंत. गरोदरपणात दिवसाला २०० च्या आत राहायचं असतं. त्यात अजून एक गोष्ट अशी की एरवी आपल्या शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला पाचेक तास लागतात, दिवस जातील तसा हा वेळ वाढत जातो आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे सकाळचा चहा रात्री झोपतानासुद्धा अंगात असतो, आणि कॅफिन वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतं, ज्याला ते पचवताच येत नाही. म्हणून चहा कमी करायचाच. पण एकदम बंद करू नका, दोन दिवस डोकं इतकं ठणकेल की तुम्ही परत सुरू कराल. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत तीन लहान कपांवर या, आणि दुपारी दोननंतर नको. आयर्नची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नका, जेवणाच्या आधी-नंतरही तासभर चहा नको, नाहीतर लोह अंगी लागत नाही. चहा कमी करताना डोकं दुखलं तर ते मात्र पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नक्की सांगा, बीपी बघून घ्या.

आता च्युइंगम. हे काही फालतू प्रॉडक्ट नाही, अमेरिकेच्या वॉल्टर रीड आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्चनं झोप न मिळालेल्या सैनिकांवर त्याच्या चाचण्या केल्यात आणि त्यांच्या लष्करात ते वापरलंही जातं. गिळलेल्या गोळीतलं कॅफिन पोटातून आतड्यात जाऊन मग रक्तात येतं, च्युइंगममधलं मात्र बरंचसं गालाच्या आणि जिभेखालच्या नाजूक त्वचेतून थेट आत शिरतं, पाच मिनिटं चावलं की त्यातलं बहुतेक सगळं कॅफिन सुटलेलं असतं आणि दहा मिनिटांत तरतरी जाणवायला लागते. थकवा आला की मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचतं, तेच आपल्याला झोप आणतं, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही हो, फक्त जाणवत नाही. म्हणून एक गोळी म्हणजे कडक चहाचे दोन कप, हे गणित डोक्यात ठेवायचं. निरोगी मोठ्या माणसाला एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात, आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तर ३०० च सांगितलंय, आणि यात युनिटमधला चहाही धरायचा.

पण तुम्ही ते पाठवू नका, आधी यांना सांगा की युनिटच्या आरएमओला (म्हणजे युनिटच्या डॉक्टरांना) किंवा एमआय रूममध्ये (युनिटच्या छोट्या दवाखान्यात) विचारून घ्या. याचं कारण उंची. तिथं डोकं दुखणं, झोप न येणं, छाती धडधडणं ही हवा विरळ असल्याची लक्षणं असू शकतात आणि ती वेळेत ओळखणं फार गरजेचं असतं. जास्त कॅफिननं धडधड आणि झोपमोड होते, रोजचं कॅफिन अचानक थांबलं की डोकं दुखतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी घोळ. डॉक्टर हो म्हणाले तर ड्युटीच्या सुरुवातीला एखादी गोळी, ड्युटी संपत आल्यावर नाही, नाहीतर खाली आल्यावर मिळणारी चार तासांची झोपही जाते.

आणि फोन. नेटवर्क नसेल तर फोन येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी मन ऐकत नाही, बरोबर ना? सुट्टीवर येतील तेव्हा दोघांनी ठरवून घ्या की रात्री दहानंतर फोनची वाट बघायची नाही, रेंज मिळेल तेव्हा त्यांनी नुसता मेसेज टाकायचा, तुम्ही सकाळी बघायचा. सासूबाईंना किंवा जाऊबाईंना सांगून आठवड्यातले तीन दिवस तरी सकाळचा डबा दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. पोटुशी बाई पाच तासांपेक्षा कमी झोपते हे सगळ्या घरानं मनावर घ्यायची गोष्ट आहे. मागायला संकोच वाटत असेल तर हे पान त्यांना वाचायला द्या.

मॅडम, मी हवालदार, सुट्टीवर आलोय. सिगरेट सोडायचीय म्हणून निकोटिनचं च्युइंगम आणलं. पण दोन दिवसांत उचक्या, मळमळ, हात थरथरतात, झोप नाही. सिगरेट बरी होती असं वाटायला लागलंय. — कागल, कोल्हापूर

दादा, सोडू नका, तुमचं बहुतेक दोन ठिकाणी चुकतंय आणि दोन्ही दुरुस्त होतात.

पहिलं म्हणजे ते नेहमीच्या च्युइंगमसारखं कचाकचा चावायचं नसतं. हळूहळू चावायचं, तोंडात झिणझिण किंवा तिखटसर लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. भराभर चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, त्यानंच उचक्या आणि मळमळ. आणि आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूपाणी काही नाही, त्यानं तोंडातली आम्लता वाढते आणि निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

दुसरं सहसा कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर साफ करत असतं. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांत उतरतो आणि तेवढ्याच चहानं रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, हे सगळं आपण सिगरेट सोडल्याच्या नावावर टाकतो आणि त्यातलं बरंचसं चहाचं असतं. म्हणून सिगरेट सोडली त्याच आठवड्यात चहा निम्म्यावर आणा. (तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, हा परिणाम धुराचा आहे.) च्युइंगम दोन मिलिग्रॅमचं घ्यायचं की चार, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची टोल फ्री लाइन आहे तिथं बोला, फुकट आहे.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, या च्युइंगमची कल्पनाच फौजेतून आली. १९६७ च्या सुमारास स्वीडनमध्ये लक्षात आलं की पाणबुडीत सिगरेट ओढता येत नाही म्हणून खलाशी तंबाखू तोंडात धरतात आणि त्यांची तलफ भागते. त्यावरून ओवे फेर्नो या संशोधकानं निकोटिन च्युइंगममध्ये घालायचं काम सुरू केलं.

माझ्या नातवानं च्युइंगम गिळलं, पोटात सात वर्षं राहतं म्हणतात. शिवाय मुलगा सुट्टीवर आलाय त्याच्या बॅगेत ते झोप उडवायचं च्युइंगम आहे. — निवृत्त सुभेदार, फलटण

काका, साधं च्युइंगम गिळलं तर दोन-तीन दिवसांत शौचावाटे निघून जातं, एकदा गिळलं म्हणून काळजी नको, सारखं गिळत असेल तर सवय मोडा.

पण बॅगेतलं आजच कुलपात ठेवा. पोराच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, गोड आणि पुदिन्याच्या वासाचं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन गोळ्याही जास्त होतील. उलट्या, खूप धडधड, अस्वस्थपणा दिसला तर थांबू नका, पाकीट बरोबर घेऊन सरळ दवाखान्यात. २०१३ मध्ये अमेरिकेत रिग्ली कंपनीनं ४० मिलिग्रॅम कॅफिनचं च्युइंगम दुकानात आणलं होतं, तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं लहान मुलांचा मुद्दा काढल्यावर काही आठवड्यांत त्यांनी स्वतःच विक्री थांबवली.

मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतोय. अकॅडमीतली पोरं १६०० मीटरच्या आधी एनर्जी ड्रिंकचे दोन-दोन कॅन पितात. चालेल का? — बीड

नको. कॅफिननं धावण्यात थोडा फायदा होतो हे खरं आहे, पण तो नीट झोपलेल्या, नीट जेवलेल्या आणि सरावात आधी वापरून बघितलेल्या खेळाडूला. भरतीला पोरं आदल्या रात्री बसनं येतात, मैदानाबाहेर फुटपाथवर रात्र काढतात, पहाटे उपाशीपोटी रांगेत लागतात, आणि अशा अंगात दोन कॅन म्हणजे धडधड आणि जुलाबाला आमंत्रण. कॅनवर छापलेलंच असतं की दिवसाला ५०० मिलीच्या वर नको, आणि दोन कॅनमध्ये तेवढं भरतंच. तुम्हाला जमत असेल तर आदल्या दिवशी दुपारीच त्याला तिथं पोचवा आणि रात्री कुठंतरी पाठ टेकायची सोय करा.

आमच्या गणेश मंडळानं यंदा डीजे रद्द करून सीमेवरच्या जवानांना च्युइंगम, कॉफी, चॉकलेटची पार्सलं पाठवायचं ठरवलंय. कुठं पाठवायची? — कराड

डीजे रद्द केलात, मनापासून आनंद झाला. पार्सल पाठवायचंच तर ज्या जवानाला ओळखता त्याला विचारून, त्यानं दिलेल्या एपीओच्या (आर्मी पोस्ट ऑफिसच्या) पत्त्यावर पाठवा, आणि त्याचं युनिट, ठिकाण, फोटो बॅनरवर किंवा स्टेटसला टाकू नका. कॉफी-चॉकलेट त्यांना कँटीनमध्येही मिळतं. म्हणून माझं म्हणणं असं की त्यातले निम्मे पैसे आणि तुमचे हातपाय तुमच्याच गावात वापरा. साताऱ्यात मिल्ट्री अपशिंगेसारखी गावं आहेत जिथं जवळपास घरटी माणूस फौजेत गेलाय, आणि तसं बघितलं तर तुमच्या आजूबाजूच्या प्रत्येक गावात पाच-पन्नास घरं निघतील. संतरीच्या जागरणाला च्युइंगम आहे, त्याच्या बायकोच्या आणि आईच्या जागरणाला काय आहे? त्या जागतात त्या अर्धवट राहिलेल्या कामांच्या विचारानं.

ती कामं घ्या. ई-पीक पाहणी कुणी भरून द्यायची, सातबाऱ्यावरची नोंद, आजारी सासऱ्यांना मिल्ट्री हॉस्पिटलला न्यायला गाडी, माजी सैनिकाला ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) दवाखान्यात नेणं, वीरपत्नी आणि म्हाताऱ्या पेन्शनर आईचा दरवर्षीचा हयातीचा दाखला स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर भरणं. हे शेवटचं राहिलं तर पेन्शन थांबते आणि मग त्या बाईला किती खेटे घालावे लागतात ते मी ओळखीच्या घरात बघितलंय. मंडळातल्या दोन मुलांनी एवढं एक शिकून घेतलं तरी खूप.

बांधाचे, जमिनीचे वाद तर फौजी घरात कायम. जवान बॉर्डरवर आणि इकडं कोर्टाची तारीख, बायको एकटी. १९२५ चा एक कायदा आहे, भारतीय सैनिक (खटले) अधिनियम, त्यात विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या जवानाच्या कमांडिंग ऑफिसरनं तसा दाखला दिला की कोर्ट केस पुढं ढकलू शकतं. कित्येक घरांना हे माहीतच नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केलीय, त्यात जवानांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीत माफीची राज्याची योजनाही २०२० पासून आहे, ग्रामपंचायतीत चौकशी करा.

सुरुवात करताना साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघांनी जाऊन या, तुमच्या भागातल्या कुठल्या घरी कशाची गरज आहे हे त्यांना विचारा, आणि ज्यांच्याकडे जाणार त्यांनाही आधी विचारा, काहींना मदत म्हणून दारात आलेली गर्दी आवडत नाही. उरलेले पैसे ध्वजदिन निधीला द्या, ७ डिसेंबरचीच वाट बघायला पाहिजे असं नाही, त्याच कार्यालयात वर्षभर घेतात, पावती मात्र मागून घ्या.