आडनाव पाहिलं आणि घर नाकारलं

प्रश्न : माझी बँकेत लातूरहून पुण्याला बदली झाली. कोथरूडला वन बीएचके पसंत पडला, पाच हजार टोकन दिलं. आधार कार्ड पाठवल्यावर एजंटने आडनाव पाहून 'समाज कोणता?' विचारलं. बौद्ध असल्याचं सांगितलं. संध्याकाळी मेसेज आला : 'मालकांना आपल्यातलेच हवेत, सोसायटीचाही नियम आहे.' फोनवर मात्र 'प्युअर व्हेज हवेत' असं कारण दिलं. मी तर अंडंही खात नाही. कायदा काही करतो का, वकीलताई?

उत्तर : करतो, आणि तो जुनाच आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही एखाद्या वस्तीत घर घेऊ किंवा राहू न देणं हा त्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना तपास करता येतो.

तुमच्या कामाचं खरं कलम १२. तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं. बौद्ध धर्म स्वीकारल्याने हा हक्क जात नाही, १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. जातीचा दाखला मात्र हाताशी ठेवा. शाकाहाराची सबब तुमच्यासमोर किती टिकेल, ते एजंटलाच विचारा!

सोसायटीच्या नियमाचं म्हणाल, तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, घर भाड्याने द्यायला कमिटीची परवानगी लागतच नाही, फक्त कळवायचं असतं. उपविधीची प्रत मागा, बहुतेक वेळा असा नियम निघतच नाही.

एक कटू गोष्टही सांगते. निव्वळ धर्मावरून खासगी मालकाने घर नाकारलं, तर त्याला थेट अडवणारा कायदा केंद्राने केलेला नाही. एचआयव्हीग्रस्तांना २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांना २०१९ च्या कायद्याने घराच्या बाबतीत संरक्षण आहे, मुसलमान भाडेकरूला तसं नाही.

मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ मोबाइल लागू शकतो. एजंटला आजच लेखी विचारा : 'नकाराचं कारण काय आणि टोकन कधी परत?' मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाणेदार 'आपसात मिटवा' म्हणाले, तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांकडे आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे पाठवा. टोकन परत घेताना 'तक्रार नाही' असं काही लिहून देऊ नका.