वाइन टूरचे बारा लाख, आणि निवृत्ती दोन वर्षांवर

प्रश्न, थोडक्यात: आम्ही पुण्यात राहतो. माझं वय ५५, ह्यांचं ५८. ह्यांची खासगी नोकरी आहे, डिसेंबर २०२७ मध्ये निवृत्ती. महिन्याला हातात १ लाख ४५ हजार येतात, घरखर्च ७० हजार, एसआयपी ३५ हजार. पीएफ-पीपीएफ मिळून ६२ लाख, म्युच्युअल फंडात ३१ लाख, एफडीत ९ लाख (त्यातले ६ लाख अडीअडचणीला). घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा कमावता. मे २०२६ मध्ये इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर आठ रात्रींची फूड अँड वाइन टूर आहे. माणशी ४,२०० युरो, विमान वेगळं. ऑपरेटर पुण्यातलाच. तीस टक्के आत्ता, बाकी निघण्याआधी ६० दिवस. २५ हजार टोकन भरलंय. ९ लाखांच्या आसपास खर्च दिसतोय. एफडी मोडावी, फंड विकावे, की ऑपरेटर देतोय ते बारा हप्त्यांचं कर्ज घ्यावं? नाशिकच्या द्राक्षबागा पाहिल्यापासून वाइनची आवड मला लागली, हे घेत नाहीत. मी शाकाहारी. आता नाही तर कधी?

उत्तर:

जायचं की नाही, हा प्रश्नच नाही. जा. पण ही टूर घेऊन नको आणि मे महिन्यात नको. आणि ९ लाखांचा आकडा तर आधी डोक्यातून काढा.

४,२०० युरो गुणिले दोन म्हणजे ८,४०० युरो. युरो १०५ रुपये धरला तर ८ लाख ८२ हजार. तुम्ही इथेच थांबलात. त्यावर टूर पॅकेजचा ५ टक्के जीएसटी, ४४,१००. झाले ९,२६,१००. दोघांचं मुंबई-मिलान-मुंबई तिकीट दीड लाख. शेंगेन व्हिसा माणशी ९० युरो, त्यावर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, फोटो, कागदपत्रं, मिळून २५ हजार ठेवा. प्रवास विमा ७ हजार. किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण व्हिसासाठी सक्तीचंच आहे. सहल सुरू होण्याआधीच्या दोन रात्री जेनोवात हॉटेल, २७ हजार. तुम्ही पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत पाच रात्रीची जेवणं आणि चार दुपारची जेवणं धरली आहेत. जी धरलेली नाहीत त्यांचे दोघांचे मिळून ४७ हजार. मिलानहून जेनोवापर्यंतची रेल्वे, हॉटेलात रोख द्यावा लागणारा स्थानिक पर्यटन कर, गाइड आणि ड्रायव्हरची टिप, चार बाटल्या आणि ऑलिव्ह तेल, या सगळ्याला ३७ हजार. बेरीज १२ लाख २० हजारांच्या घरात जाते.

यात टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच ऑपरेटर आगाऊ कापून घेतो तो आयकर, अजून धरलेला नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी टूर पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस आहे. तुमचे दोन्ही हप्ते मार्चच्या आत जाणार, म्हणून हेच दर लागू. फक्त टूर घेतली तर ९,२६,१०० वर ४६,३०५ रुपये. विमानही त्याच ऑपरेटरकडून पॅकेजमध्ये घेतलं, तर बिल १० लाख ८३ हजारांवर जातं आणि टीसीएस ६६,७२० होतो. तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलं तर ते पॅकेजमध्ये मोडत नाही, त्यावर टीसीएस नाही. हा पैसा बुडत नाही. फॉर्म २६एएसमध्ये (भरलेल्या कराच्या उताऱ्यात) ज्यांच्या पॅनवर दिसेल, त्यांच्या विवरणपत्रात तो वजा होतो किंवा परत मिळतो. नोकरदाराने कंपनीला कळवलं तर पगारातला टीडीएसही तेवढा कमी कापता येतो. म्हणून बिल ह्यांच्या पॅनवर करा. तुमच्या पॅनवर केलं आणि तुम्ही विवरणपत्र भरत नसाल, तर केवळ परताव्यासाठी भरावं लागेल.

युरोचा भाव दोन्ही हप्त्यांना त्या-त्या दिवशीचा लागणार. भाव एक रुपयाने चढला की टूर ८,४०० रुपयांनी महागते, जीएसटी वेगळा.

आता हे बारा लाख तुमच्या जमाखर्चात कुठे बसतात ते पाहा. घरखर्च वर्षाला ८ लाख ४० हजार. हाताशी असलेली सगळी पुंजी १ कोटी २ लाख, म्हणजे जेमतेम बारा वर्षांच्या खर्चाइतकी. दोन वर्षांची भर आणि ग्रॅच्युइटी धरूनही हा आकडा ऐसपैस नाही, कारण निवृत्तीनंतर पंचवीस-तीस वर्षं काढायची आहेत आणि आरोग्य विम्याचा हप्ता दरवर्षी वाढणार आहे. आठ रात्रींसाठी सव्वा वर्षाहून जास्त काळाचा घरखर्च देणं तुम्हाला परवडत नाही. हे मी गोड करून सांगत नाही.

कर्जाचा पर्याय तर नकोच. ६ लाख, १४ टक्के, बारा महिने: हप्ता ५३,८७२, एकूण व्याज साधारण साडेशेहेचाळीस हजार. तुमच्या हातात महिन्याला ४० हजार उरतात. म्हणजे निवृत्तीच्या तोंडावर एसआयपीचा पैसा या हप्त्यात जिरणार. ‘बिनव्याजी’ हप्ता म्हणाले असतील तर रोखीत भरल्यास किती सूट, तेवढंच विचारा. जे उत्तर येईल ते व्याज. फंड विकणं त्याहून बरं, पण इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के कर आहे. एका झटक्यात ४ लाख काढले आणि त्यात २ लाख नफा असेल, तर उपकरासह ९,७५० रुपये जातील. अडीअडचणीच्या ६ लाखांना हात लावायचा विषयच काढू नका.

मग ४,२०० युरोत मिळतं काय? आठ रात्रींचं बरं हॉटेल माणशी ७००-७५० युरो. पाच वाइन टेस्टिंग, एकेक ३०-४० युरोचं. एक स्वयंपाकाचा वर्ग ८०-९० युरो. नऊ जेवणं साडेतीनशे-पावणेचारशे. गाडी आणि गाइड दहा जणांत वाटून सहा-सातशे. माझा हिशेब १,९०० ते २,१०० युरोवर येतो. बाकीचे पैसे व्यवस्थेचे, टूर लीडरचे आणि ऑपरेटरच्या नफ्याचे. यात गैर काही नाही, पण ती व्यवस्था तुम्हाला लागते का, हे बघायला हवं.

लिगुरियात ती फारशी लागत नाही. हा किनारा म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी, मधोमध जेनोवा, आणि त्या पट्टीतून रेल्वे धावते. चिंक्वे तेर्रेची पाचही गावं लेवान्तो ते ला स्पेत्सिया या मार्गावर एकमेकांपासून काही मिनिटांवर आहेत. बसने गट नेला तर वरच्या रस्त्यावरून वळणं घेत उतरावं लागतं. रेल्वेने गेलं की माणूस गावातच उतरतो. अपवाद कोर्निल्याचा. तिथं स्टेशन खाली, गाव वर, मध्ये पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. गावात जाणारी बस आहे, गुडघे कुरकुरत असतील तर तीच धरा.

गाइड लागतो तो द्राक्षमळ्यात. इथली वाइन महाग का, हे मळ्यात उभं राहिल्यावरच कळतं: कोरड्या दगडांच्या बांधांवर, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या पायऱ्या-पायऱ्यांची शेती, ट्रॅक्टर जातच नाही, घमेली-टोपल्या वाहायला एका रुळावर चालणारी छोटी गाडी. बांध ढासळला की हातानेच रचायचा. १९९७ पासून हा परिसर युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथली साधी पांढरी वाइन बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेन्तिनो या द्राक्षांची. शाक्केत्रा नावाची गोड वाइन मात्र वेगळीच: तीच द्राक्षं तोडून आठवडेच्या आठवडे सावलीत हवेवर सुकवतात, मग रस काढून आंबवतात. शंभर किलोंतून साधारण २५-३० लिटर निघते, म्हणून छोटी बाटली ४०-६० युरोला जाते. मानारोलाच्या वर ग्रोप्पोला सहकारी वाइनरी आहे. आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखी सभासदांचाच माल घेते. सांगायचा मुद्दा असा की एक दिवस जाणत्या माणसाबरोबर मळा आणि दोन वाइनऱ्या, एक सकाळ पेस्तोचा (बेसिलच्या पानांची इथली चटणी) वर्ग, एक दिवस जेनोवाच्या जुन्या बाजारात खाद्यफेरी, एवढे तीन दिवस पैसे देऊन घ्या. उरलेले दिवस तुमचे तुम्ही. पाच टेस्टिंगांत तिसऱ्यानंतर जीभ फारसा फरक सांगत नाही, आणि ह्यांना तर पाचही ठिकाणी खुर्चीवर बसून राहायचंय. न पिणाऱ्याला ऑपरेटर किती कमी करतो, हे विचारलंत का?

शाकाहाराचं म्हणाल तर हा भाग तुम्हाला मानवेल. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं जाड धिरडंच: पीठ, वजनाने त्याच्या तिप्पट पाणी, मीठ, काही तास मुरवून वरचा फेस काढायचा, भरपूर ऑलिव्ह तेलात तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. वर मिरपूड. शहाण्याने गरमच खावं, गार झालं की चामट होतं. रेक्को गावचा ‘फोकाच्या’ हा पाव म्हणजे दोन कागदी पातळ पापुद्र्यांत मऊ चीज. पान्सोती म्हणजे रानभाज्यांचं सारण भरलेला पास्ता, अक्रोडाच्या सॉसमध्ये. अडचण अशी: पेस्तोत पार्मिजानो चीज असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. ते चालत नसेल तर ‘चीज वगळून’ असं वर्गाला आधी लिहून कळवा. खलबत्त्यात तुमच्यासमोर कुटताना वगळणं सोपं, हॉटेलात तयार पेस्तोतून नाही. आणि मुरलेली अँचोव्ही मासळी पदार्थात न सांगता येते, तेव्हा मांसासोबत माशाचंही नाव घेऊन विचारा.

असा स्वतः आखलेला प्रवास कितीत बसतो? तिकीट, व्हिसा, विमा मिळून १ लाख ८२ हजार. नऊ रात्री लेवान्तो आणि जेनोवात, १४० युरोने, १ लाख ३२ हजार. दोघांचं खाणं रोज ८० युरो, दहा दिवसांचे ८४ हजार. तीन मार्गदर्शित दिवस आणि मळ्यापर्यंतची गाडी, ८०० युरो, ८४ हजार. रेल्वे १६ हजार, कर-टिप साडेदहा हजार, खरेदी २० हजार. ५ लाख २९ हजार होतात, वर दहा टक्के अदमासाचे. साधारण ५ लाख ८० हजार. हॉटेल आणि तिकीट वेगवेगळं, थेट घेतल्याने पॅकेजचा जीएसटी नाही, पॅकेजचा टीसीएसही नाही. फरक ६ लाख ४० हजारांचा, म्हणजे निवृत्तीनंतरचा नऊ महिन्यांचा घरखर्च.

कार्डाची मात्र काळजी घ्या. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा अधिभार ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के पडतात. हजार युरोला चार हजारांवर. दोन टक्क्यांचं किंवा अधिभार नसलेलं कार्ड घ्या, थोडे पैसे फॉरेक्स कार्डावर. आणि मशीन ‘रुपयांत देणार का’ विचारेल तेव्हा युरोच निवडा. रुपयांतला भाव दुकानदाराच्या बाजूचा असतो.

महिना बदला म्हणालो, त्याचं कारण पैशांत आहे. डिसेंबरपासून सप्टेंबरअखेर दरमहा ४० हजार बाजूला काढले तर चार लाख होतात, त्यात एफडीतले मोकळे ३ लाख. सात लाख, एकही फंड न विकता, एफडीचा दंड न भरता (फक्त मुदत पाहून मोडा). २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, विसर्जन २५ ला. २७ सप्टेंबरला निघा. तोडणीचा मुख्य हंगाम तोवर बहुतेक उरकलेला असेल, पण शाक्केत्राची द्राक्षं जाळ्यांवर सुकताना दिसतील. ७-८ ऑक्टोबरच्या पुढे लांबवू नका. शरद ऋतूत इथे मुसळधार पाऊस येतो. २५ ऑक्टोबर २०११ च्या पुरात पाचांतली वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो ही गावं गाळात बुडाली होती. पावसाचा इशारा आला की पायवाटा बंद करतात, आणि ऑक्टोबरअखेरच्या स्वस्त टूर त्याचमुळे स्वस्त असतात.

उलट सांगायचं तर, ह्यांना सामान घेऊन गाड्या बदलणं झेपत नसेल, किंवा परक्या गावात निर्णय घेण्याचा ताण नको असेल, तर टूर घ्यायला हरकत नाही. पण आठ रात्रींची नको, चार रात्रींची घ्या आणि पुढे-मागे दोन-दोन दिवस स्वतः राहा. संयोजक युरोपीय संघात नोंदलेला असेल तर तो दिवाळखोर झाल्यास ग्राहकाच्या पैशांना संरक्षण देणं त्याला बंधनकारक आहे. इथल्या ऑपरेटरकडून घेताना तसं काही नसतं, तेव्हा पूर्ण रक्कम दोन महिने आधी देणं म्हणजे तो धोका तुमचा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मार्चअखेरपासून. एप्रिल-मेच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच तारीख पकडा. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच ठेवा. खात्यात एकदम मोठी रक्कम फिरवू नका, बँकेचा उतारा सरळ दिसला पाहिजे.

राहिलं टोकन. ते वाचवायला म्हणून ९ लाख भरायचे नाहीत, हे आधी ठरवा. पावतीवर किंवा अटींत ‘परत मिळणार नाही’ असं कुठं लिहिलंय का पाहा. नसेल तर पुढचा तीस टक्क्यांचा हप्ता मागण्याआधी, म्हणजे याच आठवड्यात, ईमेलने बुकिंग रद्द करत असल्याचं कळवा आणि परतावा मागा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल टाकाच. व्हिसा नाकारला किंवा गट भरला नाही तर काय, याचं कलमही त्याच कागदात असतं. तेही विचारा, कारण टोकन पुढच्या चार रात्रींच्या टूरला वळवून मिळतंय का, हे त्यावरूनच कळेल.