केमो आणि लाईट एकदमच का?

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर, थर्ड स्टेज. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. सहा आठवडे लाईट (रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला केमो सांगितलीय. नातेवाईक म्हणतात दोन्ही एकदम झेपणार नाही, आधी केमो संपवा मग लाईट. काय करू? – एक मुलगी, बार्शी

उत्तर : ताई, वडील हिंडते-फिरते असतील, वजन फार उतरलं नसेल तर दोन्ही सोबतच घ्या. लाईटने कॅन्सरच्या पेशीचा डीएनए तुटतो, पेशी तो परत जोडायला बघते आणि केमोची काही औषधं नेमकं हे जोडकाम अडवतात, म्हणून एकत्र दिलं की मार जास्त बसतो. २०१० मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला होता, त्यात एकामागून एक देण्यापेक्षा सोबत दिल्यावर पाच वर्षांनी शंभरात चार-पाच पेशंट जास्त जगलेले दिसले. आकडा छोटा वाटेल, पण ज्याच्या घरातला माणूस त्यात असतो त्याला तो छोटा नसतो.

नातेवाईकांचं अगदीच चूक नाही हं, त्रास जास्त होतोच. अन्ननलिकेला जोरात सूज येणारे त्याच हिशोबात शंभरात ४ वरून १८ वर गेले. साधारण तिसऱ्या आठवड्यात घास गिळताना छातीत आग होते आणि माणूस जेवणच सोडतो, खरी लढाई इथे आहे. कोमट, मऊ, बिनतिखट द्या, मऊ वरणभात, शिरा, अंडं, थोडं थोडं सारखं. वजन दर आठवड्याला बघा, दुखत असेल तर गोळी मागून घ्या, सहन करत बसू नका. छातीवरच्या मार्करच्या खुणा पुसू देऊ नका, आणि सहा आठवड्यांतल्या ३० पैकी एकही लाईट मनाने चुकवू नका. बिडी-सिगारेट आजच बंद. १००.४ च्या वर ताप आला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

लाईट संपल्यावर पुढच्या सहा महिन्यांत कोरडा खोकला किंवा धाप लागली तर सर्दी समजून घरी थांबू नका, फुफ्फुसाला सूज असू शकते, वेळेत स्टेरॉईड दिलं तर बहुतेकदा उतरते. नंतर वर्षभराच्या ड्युरव्हालुमॅब इम्युनोथेरपीबद्दलही (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) विचारा, फायदा चांगला आहे पण औषध फार महाग, सगळ्यांना लागू पडतंच असं नाही. आणि लाईट-केमोच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधीच विचारा, नंतर कागदपत्रांना धावपळ होते.