सुट्टीतला ‘च’

एप्रिल उजाडला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. “मॅडम, यंदा दहावी आहे. सुट्टी वाया जायला नको. कुठला ऑनलाइन क्लास लावू?” कुणाच्या मनात कोडिंग असतं, कुणाच्या रोबोटिक्स, कुणाच्या जेईई-नीटचं फाउंडेशन. 2020 च्या टाळेबंदीआधी हा प्रश्न गल्लीतल्या क्लासपुरता आणि उन्हाळी शिबिरापुरता होता. आता देशभरातले क्लास आईच्या फोनवर येऊन उभे राहतात आणि त्यातला एकही सोडला तर आपलं मूल मागे पडेल, असं तिला वाटत राहतं. नाशिकमध्ये इतकी वर्षं हे काम करताना या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका आई-मुलीच्या सोबतीनं सापडलं. त्यांना विचारूनच, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.

मुलगी नुकतीच नववी संपवून बसलेली. आई पतसंस्थेत नोकरीला, वडील सातपूरच्या एका कारखान्यात. तक्रार एकच, डोकं दुखतं. डोळे तपासून झाले, चष्म्याचा नंबर निघाला नाही. रक्त तपासलं, तेही ठीक. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वेळापत्रक होतं. सकाळी 8 ते 9.30 फाउंडेशनचं गणित, 10.30 ते 11.30 इंग्रजी संभाषण, 12 ते 1 कोडिंग, संध्याकाळी 5 ते 6.30 विज्ञान. शनिवारी रात्री खगोलशास्त्राची आठ तासिकांची एक मालिका. ती दुसऱ्या क्लासबरोबर फुकट मिळाली होती. मी बेरीज केली. रोजचे पाच तास. टाळेबंदीत शाळाच बंद होत्या, तेव्हा केंद्र सरकारनं ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त चार तासिका होत्या, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटांच्या. म्हणजे अख्खी शाळा पडद्यावर आली तरी तीन तासांच्या वर नाही. इथे तर सुट्टी होती.

मुलीशी मी एकटीशी बोलले. पहिल्या भेटीत ती “हो”, “छान आहे”, “शिकवतात चांगलं” एवढंच म्हणाली. दुसऱ्या भेटीत मी क्लासचा विषयच काढला नाही. आंबे आले का, गच्चीवर कुरडया झाल्या का, असं काहीबाही बोलत बसलो. जरा वेळानं तीच म्हणाली, “मॅडम, हजेरी माझ्या नावानं लागते. मी तिथे नसते.”

“मग कुठे असतेस?”

“पंख्याकडे बघत. कॅमेऱ्याचं विचारलं की नेट स्लो आहे म्हणून सांगते.”

“आईला सांगितलंस?”

तिचे डोळे भरले. “तिनं अडतीस हजार भरलेत. एवढे पैसे भरल्यावर मला आवडलंच पाहिजे ना?”

त्या ‘आवडलंच’मधल्या ‘च’नं माझे कान टवकारले. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. त्यांनी ही पद्धत 1955 मध्ये मांडली आणि आपल्याकडे ती कि. मो. फडके यांनी रुजवली. इच्छा हट्टात बदलली की माणूस आतून चिरडला जातो, हे तिचं सार. मराठीत तो हट्ट शोधायला फार खोल जावं लागत नाही. बहुतेक वेळा तो एका अक्षरात लपलेला असतो.

मी तिला विचारलं, “या पाचांतलं एखादं तरी असं आहे का, की ज्याची वाट बघतेस?”

ती लगेच म्हणाली, “शनिवारचं.” आणि पहिल्यांदाच सलग बोलली. वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, हा शून्य सावलीचा दिवस. तो कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या प्रदेशातच दिसतो आणि अख्खा महाराष्ट्र त्यात येतो. मे महिन्यात तो दक्षिणेकडून वर सरकत येतो. पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नाशिकला 20 मेच्या आसपास. “जुलैत परत येतो, पण तेव्हा ढग असतात. म्हणून मेमधलाच बघायचा.” मग आवाज खाली आला. “पण आपल्याकडे तो साडेबाराच्या सुमारास आहे. तेव्हा कोडिंग असतं.”

तिसऱ्या भेटीला मी दोघींना समोर बसवलं. मुलीच्या संमतीनं तिचं म्हणणं आईला सांगितलं. आई रागावली नाही, खचली. म्हणाली, “मी निफाडकडची. दहावीच्या सुट्टीत द्राक्षाच्या बागेत काम केलं. मला कुणी क्लास लावला असता तर आज मी कुठल्या कुठे असते. हिचं तसं होऊच द्यायचं नाही, असं मी ठरवलंय.”

मी तिच्यासमोर कागद आणि पेन ठेवलं. “ताई, सुट्टीबद्दल मनात जे आहे ते एका वाक्यात लिहा.”

तिनं लिहिलं, ‘तिची सुट्टी सत्कारणी लागलीच पाहिजे.’

“आता यातला हट्ट काढून फक्त इच्छा ठेवा.”

खूप वेळ गेला. तिनं ‘च’ खोडला, वाचून बघितलं, समाधान झालं नाही. मग ‘पाहिजे’ही खोडलं. शेवटी राहिलं, ‘तिची सुट्टी सत्कारणी लागावी.’ ते वाक्य तिनं दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आवाज मऊ झाला होता.

मी विचारलं, “आणि नाही लागली तर?”

ती गप्प. मुलगीही गप्प. खिडकीबाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजून गेली, तरी कुणी हललं नाही. मी मुद्दामच काही बोलले नाही. अशा क्षणी समुपदेशकानं धीर धरायचा असतो आणि तो धरायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

“तर मला वाईट वाटेल,” आई म्हणाली.

“आणि?”

“आणि… जून येईल. शाळा सुरू होईल.” ती मुलीकडे वळली. “खरंच की गं. नुसता जून येईल.”

मुलगी हसली आणि रडलीही.

त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख दिसली. तोवर पालकांनी विचारलं की मी क्लासची चर्चा करायचे, हा बरा, तो नको. पण आई क्लास निवडतच नव्हती. आपल्या निफाडच्या सुट्टीची भरपाई ती मुलीच्या सुट्टीतून करत होती. आईची भीती आणि मुलीचं अपराधीपण, दोन्हींच्या मुळाशी तोच ‘च’ होता. तो सैल झाला तेव्हा क्लासचा निर्णय दोघींनी माझ्या मदतीशिवाय दहा मिनिटांत घेतला. फाउंडेशनची गणित-विज्ञान दोन्ही बंद. इंग्रजी आठवड्यातून दोन दिवस. कोडिंग राहील, कारण ते कंटाळवाणं नव्हतं, फक्त फार होतं, असं मुलगीच म्हणाली. 20 मेला मात्र सुट्टी. त्या दुपारी आईनं अर्धा दिवस रजा टाकली. गच्चीवर मुलीनं लाटणं उभं धरलं आणि आईनं फोटो काढून मला पाठवला. लाटण्याच्या बुडाशी सावलीचा ठिपकासुद्धा नव्हता. डोकेदुखी एका दिवसात गेली नाही, पण जूनपर्यंत तिची तक्रार उरली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण हे वाचणाऱ्या अनेकांच्या फोनवर आत्ताही एखादी जाहिरात उघडी असेल. क्लास लावण्याआधी मुलाला “कुठला लावू?” असं विचारू नका, त्यातच लावायचं ठरलेलं असतं. “सुट्टीत तुला काय करून बघावंसं वाटतं?” असं विचारा आणि उत्तराला दोन-तीन दिवस द्या. ‘काहीच नाही’ हेही उत्तर असतं आणि दहा महिन्यांच्या शाळेनंतर ते अगदी रास्त असतं. मोकळं सोडलेलं मूल पहिला आठवडा लोळतं. त्या आठवड्यात घाबरून पैसे भरू नका.

एका वेळी एकच क्लास, फार तर दोन. सुट्टीचा निम्मा काळ पूर्ण रिकामा हवा. चाचणी तासिका असेल तर ती मुलाशेजारी बसून बघा. शिकवणारे मुलांना नावानं हाक मारतात का, मुलं प्रश्न विचारतात का, की शंभर जणांसमोर नुसतं भाषण चाललंय? आणि तास संपल्यावर मूल पडद्यापासून उठून हातानं काही करतं का? माझ्या लेखी ही सगळ्यांत मोठी कसोटी. त्या मुलीनं लाटणं उचललं, ते शनिवारच्या फुकटच्या तासामुळे. फीचा आकडा याबाबतीत काहीच सांगत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर आणि धड्यांचं साहित्य सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर मोफत आहे. दहावीच्या बीजगणित-भूमितीची ओळख करून घ्यायला तेवढं पुष्कळ झालं.

पैशांबद्दलही सांगते, कारण अडकलेले पैसे मुलाच्या मानेवर बसतात. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं ऑनलाइन क्लास विकणाऱ्या कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं होतं. खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी देऊ नका, अटी नीट वाचा, हे त्या सूचनेत होतं. फी परत कशी मिळते ते आधी लेखी घ्या. आणि क्लास मध्येच सोडावासा वाटला तर भरलेल्या पैशांचा उल्लेख मुलासमोर करू नका. गेलेले पैसे गेले, उरलेली सुट्टी अजून हातात आहे.

“मग एकही लावू नको का?” त्या आईनं शेवटच्या भेटीत विचारलं होतं. मी म्हटलं, लावा की, पण ती स्वतः मागेल तो. ऑक्टोबरच्या सुट्टीत तिनं मागितला. आकाशाचाच होता. आईनं फी भरली आणि वेळापत्रकाचा कागद मुलीच्या हातात दिला.