ताकद आमची जास्त, तरी नौका मागे का?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र महाविद्यालयाच्या बोट क्लबमध्ये चौघांची, प्रत्येकी दोन वल्ह्यांची नौका चालवतो. व्यायामशाळेतील रोइंग यंत्रावर आमची कामगिरी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस असते, पण पाण्यावर तेच पुढे जातात. ताल जुळत नाही, असे प्रशिक्षक म्हणतात. सगळ्यांनी एकदम ओढल्याने नौकेला हिसके बसतात. त्यापेक्षा आळीपाळीने वल्ही मारल्यास वेग एकसारखा राहणार नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा, तर सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती लागते. त्यामुळे सरासरी तीच असली, तरी कमीजास्त होणारा वेग महागच पडतो. मात्र आळीपाळीने वल्हवल्यास शेजारची पाती एकमेकांवर आदळतील, आणि त्यासाठी आसने दूर ठेवली, तर नौका लांबून घर्षण वाढेल.

खरी गोम सरकत्या आसनांत आहे. अशा नौकेचे किमान वजन ५२ किलो असते, तर चार तगड्या खेळाडूंचे मिळून तीनशेच्या वर. वल्हवणारे नौकेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतात; हा भार दर फटक्यानंतर त्या टोकाकडे सरकतो, तेव्हा नौका त्याच्याखालून पुढे निसटते. म्हणूनच वल्ही पाण्याबाहेर असताना तिचा वेग सर्वाधिक असतो. एखादा घाईने सरकला, तर त्याचा भार इतरांआधी पायफळीवर, म्हणजे पाय टेकवायच्या फळीवर, येऊन नौका अडते, आणि त्याचे पाते आधी पाण्यात शिरल्यास तिला पुन्हा वेग देण्याचे ओझे क्षणभर त्या एकट्यावर पडते. जमिनीवर स्थिर असलेल्या यंत्रावर हा दोष कळतच नाही.

यासाठी ओढण्यापेक्षा परतण्याचा, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी सरकण्याचा, सराव अधिक करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आधी हात सरळ, मग कंबरेतून धड पुढे, आणि त्यानंतरच गुडघे वर, हा क्रम चौघांचा एकाच क्षणी झाला पाहिजे. हात सरळ होताच क्षणभर थांबून पुढे सरकण्याचा सराव यासाठी फार उपयोगी पडतो. नजर स्वतःच्या पात्यावर न ठेवता समोरच्याच्या पाठीवर ठेवावी.

रिओ ऑलिम्पिकमध्ये (२०१६) एकट्याने वल्हवलेले नाशिक जिल्ह्याचे दत्तू भोकनळ २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपण चालवता त्याच चौघांच्या प्रकारात, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. असे चौघे एकत्र येतात, तेव्हा फटक्याची लांबीही जुळवावी लागते. आपल्यात कोणी उंचीने कमी असेल, तर पायफळीची जागा बदलून पाहावी, आणि मिनिटाला १८ ते २० फटक्यांवर चारही जोड्या एकदम पाण्यात शिरू लागल्यावरच गती वाढवावी.