जहाजाच्या भागांना मराठीत स्वतःचे शब्द आहेत का?

आहेत, आणि किनाऱ्यावर ते अजून बोलले जातात. तुम्ही मुलांसाठी समुद्रावरची गोष्ट लिहिताय आणि बो, कील, मास्ट, यार्ड यांना काय म्हणावं असं विचारलंय. माझे आजोबा मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, तांडेल (होडीचे प्रमुख) होते आणि मी पंधरा वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, म्हणून सांगतो.

लहानपणी आजोबांचं बोट धरून मी होडी बांधताना पाहिली. आधी वाळूत ओंडक्यांवर लांबलचक लाकूड बसवलं, त्यावर नारळ फोडला. ते पठाण, म्हणजे तुमचं कील. मग पुढच्या टोकाला नाळ उभी राहिली, पाणी कापणारी, म्हणजे तुमचा बो. दोन्ही अंगांना वांक लागले, आणि माझ्या डोळ्यांसमोर खाल्लेल्या माशाचा काटा आला! वांक म्हणजे होडीच्या बरगड्या. फळ्या त्यांच्यावर ठोकतात आणि फटींत कापसाची वात दाबून बसवतात.

नाळ हा शब्द गोष्टीत जरूर घ्या. आंग्र्यांच्या गुराबांची, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांची, नाळ लांब, टोकदार आणि डेकपेक्षा खालच्या पातळीवर असायची. त्यामुळे डेकवरच्या तोफा तिच्यावरून थेट समोर डागता येत. गलबतं त्याहून लहान, पण चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की मोठ्या जहाजाची शिडं लोंबायची आणि गलबतं वल्हवत त्याला गाठायची. मुलांना हे फार आवडेल.

मास्ट म्हणजे डोलकाठी. शीड जिला बांधतात ती तिरकी काठी, तुमचं यार्ड, म्हणजे परबाण. मागे सुकाणू. हा शब्द अरबीतून आला, पण आता ‘पक्षाचं सुकाणू’ म्हणताना कुणाला समुद्र आठवतही नाही. अँकर म्हणजे नांगर, शेतातल्या नांगरासारखंच नाव. लहान होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगतं लाकूड बांधतात, ती उलांडी. गावागणिक उच्चार थोडे बदलतात, त्याची काळजी करू नका.

पोर्ट आणि स्टारबोर्डला मात्र नुसतं डावं-उजवं म्हणून भागत नाही. नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावर जी डावी बाजू, तीच कायम डावी, माणूस कुठेही वळला तरी. रात्री डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा. जुन्या युरोपी जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला असे, त्यावरून स्टारबोर्ड. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत. वादळात दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये पोर्ट हाच शब्द पक्का केला.

आता एक कळकळीची विनंती. गोष्ट कंटेनरच्या जहाजाची असेल तर ब्रिज, डेक, इंजिन रूम तसंच लिहा. आम्ही मराठी खलाशी जहाजावर हेच बोलतो. घडवलेले संस्कृत शब्द तिथे मी कधी ऐकले नाहीत. जहाज शिडाचं असेल तर कळवा, दोरांची नावं आमच्या वाडीतल्या जुन्या तांडेलांना विचारून पाठवतो.