ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांवरचा संगीत महोत्सव ग्वाल्हेरच्या श्रोत्यांनी मुद्दाम तारखा जुळवून ऐकावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ॲम्स्टरडॅमला असतो, ऑगस्टमध्ये कालव्यांवर गाण्याबजावण्याचा उत्सव असतो म्हणून तेव्हाच या म्हणतोय. तुम्ही दोघं साठीच्या पुढची, तानसेन समारोह न चुकवणारी, पण पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तेवढ्यासाठी जावं का, आणि ग्वाल्हेरच्या आपल्या स्वर्णरेखा नदीवर असं काही का होत नाही?

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. लेक तिकडेच, ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलव्हीनला असते, म्हणून हा उत्सव ऐकलेला आहे. माझं उत्तर: जरूर जा, पण मुलाने ज्या रात्रीचे व्हिडिओ पाठवले असतील, त्या रात्रीसाठी नव्हे.

आधी एक घोळ निस्तरते. ऑगस्टमध्ये त्या कालव्यांवर तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि लोक सर्रास एकीच्या नावाने दुसरीची चौकशी करतात. पहिल्या शनिवारी प्राइडची, म्हणजे समलिंगी वगैरे लोकांच्या अभिमान-उत्सवाची, बोटींची मिरवणूक असते, 1996 पासून चालत आलेली. ती मजेची आहे, पण तिथे स्पीकरच्या भिंती असतात; रागदारीच्या कानांनी जाल तर डोकं धरून परत याल. दुसरी गोष्ट प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरची एका संध्याकाळची मैफल, 1981 पासूनची. पुलित्झर नावाचं हॉटेल आहे, जुनी पंचवीस घरं आतून जोडून केलेलं. त्याच्यासमोर पाण्यावर तरंगता मंच बांधतात. तिसरा खरा महोत्सव, ग्राख्तेनफेस्टिव्हल. तो 1998 मध्ये त्या मैफलीतूनच निघाला आणि साधारण दहा दिवस शहरभर चालतो.

व्हिडिओ बहुधा त्या मंचावरच्या मैफलीचे असतील. प्रवेश फुकट, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, आणि कालव्यात बोटीला बोट इतकी खेटलेली की पाणी दिसेनासं होतं. लोक दुपारपासून खाणंपिणं घेऊन जागा धरतात. शेवटी सगळे मिळून कालव्यांवरचं एक जुनं डच गाणं म्हणतात. आपल्याकडे भैरवीशिवाय कोणी उठत नाही, तसंच. एकदा बघायला छान. पण काठावर उभं राहून, पुढच्याच्या खांद्यावरून ऐकायचं आणि गुडघ्यांची परीक्षा द्यायची. नवख्या कानांना त्यात वातावरण मिळतं, संगीत फारसं मिळत नाही.

खरी गंमत छोट्या कार्यक्रमांत आहे. महोत्सव कालव्याकाठच्या जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत, मागच्या बागांत, बोटींवर भरतो. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे मुख्य कालवे सतराव्या शतकातले, खोदायला सुरुवात 1613 मध्ये. युनेस्कोने तो सगळा पट्टा 2010 मध्ये जागतिक वारशात घेतला. रस्त्यावरून ही घरं अरुंद, एकाला एक चिकटलेली दिसतात, पण मागे केवढ्या लांब बागा दडलेल्या असतात! एरवी त्या दिसतच नाहीत. अशा एखाद्या खोलीत समोर चारच वादक, गज तारेवर टेकायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येईल इतक्या जवळ. स्वरलिपी कळत नसली तरी कोण कोणाला जागा देतंय, कोण वाट पाहतंय, हे दिसतं. आपण घराण्याच्या गावची माणसं, बैठकीत समोर बसून ऐकायची सवय असलेली. मोठ्या सभागृहात जे परकं वाटतं ते तिथे वाटत नाही. वादकही पुष्कळसे तरुण असतात, कारण नव्या कलाकारांना पुढे आणणं हा या महोत्सवाचा हेतूच आहे.

फक्त दाद आवरा. रचनेच्या दोन भागांमध्ये थांबले म्हणून टाळ्या वाजवू नका आणि मध्येच ‘क्या बात है’ तर मुळीच नको. सगळं संपल्यावर हवं तेवढं. मला हे शेवटपर्यंत जड गेलं. इतकं चांगलं वाजत असताना मुकाट बसायचं म्हणजे अतीच!

कायझर्सग्राख्तवर फेलिक्स मेरिटिस नावाची 1788 ची इमारत आहे, तीही पाहा. तिच्यातलं लंबगोल सभागृह नाद इतका उत्तम सांभाळत असे की पुढे शतकभराने कॉन्सर्टखेबाउ हे शहराचं मोठं संगीतगृह बांधताना तिथलं छोटं दालन त्याच नमुन्यावर केलं.

आता स्वर्णरेखेचं. तो कालवा आणि आपला नाला यांची तुलना करताना एक गोष्ट लोक विसरतात: ते कालवेही शतकानुशतकं गटारंच होती. घाण सगळी पाण्यात, आणि पाणी जागच्या जागी. उन्हाळ्यात इतका वास मारायचा की श्रीमंत व्यापारी कुटुंबं सरळ शहराबाहेरच्या, नदीकाठच्या वाड्यांत राहायला जायची. म्हणजे आज ज्या ऋतूत तिथे मैफली होतात, त्याच ऋतूत त्या घरांचे मालक नाकाला रुमाल लावून पळत होते. वास गेला तो उत्सवाने नव्हे. मलनिस्सारणाच्या वाहिन्या आल्या, आणि रात्री काही दरवाजे बंद करून, बाहेरचं ताजं पाणी आत घेऊन कालवे धुवायची व्यवस्था बसली. ती आजही चालते. अलीकडे तर कालव्यांत राहत्या बोटींचंही सांडपाणी वाहिन्यांना जोडलं. 2012 मध्ये तिथे सार्वजनिक पोहण्याचा उपक्रम सुरू झाला तेव्हा राजघराण्याच्या सूनबाई माक्सिमा स्वतः पाण्यात उतरल्या होत्या. पाण्याची पातळीसुद्धा राखलेली असते, म्हणून तरंगता मंच बांधता येतो.

आपण उलट्या टोकाने सुरुवात केली. स्वर्णरेखेच्या पात्राला काँक्रीटचा तळ घातला, काठ सुशोभित करायच्या गोष्टी झाल्या, नाले मात्र पडत राहिले. आता तर वरून उन्नत रस्ता चाललाय. फूलबागेजवळून जाताना काच वर करणाऱ्यांपैकी मीही आहे. तिथे मंच बांधून सतार वाजवायची म्हणजे वादकाचा छळ. आणि खरं सांगायचं तर गाण्यासाठी आपल्याला नदी शोधायची गरजही नाही. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं ते पाण्यामुळे नाही. तानसेन समारोहात, शहरातल्या हजीऱ्याला डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून, फुकटात, तानसेनाच्या समाधीशी बसून ऐकायला मिळतं. आधी सकाळी ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे मुसलमानांचं पैगंबरस्तुतीचं पठण, दोन्ही होतात. तुमच्या मुलाच्या डच मित्रांना ते आधी सांगा. मात्र लष्करातले जुने वाडे पडायच्या आत त्यांच्या चौकांतून अशा छोट्या मैफली भरवता येतील, हे मला तिथल्या बागांत बसून फार वाटलं. त्याला नदी साफ होईपर्यंत थांबायलाही नको.

बाकी व्यवहाराचं. छोट्या जागांची तिकिटं लवकर संपतात, म्हणून कार्यक्रम जाहीर झाला की मुलाला त्याच आठवड्यात काढायला सांगा. काढताना जिने किती ते विचारायला लावा. त्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात, तिथे सामानसुद्धा छपराखालच्या आकड्याला दोर लावून खिडकीतून आत घेतात. बागेतली किंवा तळमजल्यावरची मैफल निवडा. उन्हाळा म्हणतात त्याला, पण आपल्या मे महिन्याची आठवण घेऊन जाऊ नका: दुपारी वीस-बावीस अंश, संध्याकाळी स्वेटर, आणि पाऊस कधीही. उजेड मात्र रात्री नऊपर्यंत असतो. पुलित्झरकडे जायला तेरा किंवा सतरा नंबरची ट्राम, वेस्टरमार्क्टला उतरायचं. व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत देता येतो. मे-जूनमध्ये गर्दी फार, त्यामुळे होळीनंतर लगेच कागद जमवायला लागा. आणि ऑगस्ट नाहीच जमला तर जूनचा तिसरा शनिवार-रविवार पाहा, तेव्हा कालव्याकाठच्या घरांमागच्या बऱ्याच खासगी बागा लोकांना बघायला उघडतात.